सुजलेली अक्कलदाढ, बीडीएसची सीट आणि चार दिवसांची मुदत

लातूरला नीटसाठी रिपीटर म्हणून वर्ष काढलेल्या एका मुलीने विचारलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: खाली उजवीकडे शेवटच्या दाढेमागे तीन दिवस सूज आहे. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं, गिळताना कळ कानापर्यंत जाते. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, एक दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. जवळचे डॉक्टर म्हणाले, अक्कलदाढ आहे, काढून टाकू. आणि नेमकी आत्ताच प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडची यादी लागलीय. खाजगी कॉलेजात बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची सीट, मिळतंय. वडील म्हणतात, घेऊन टाक, डॉक्टर तरी होशील, जमिनीवर कर्ज काढू. सरकारी कॉलेजात बीएस्सी नर्सिंगला नंबर लागू शकतो, आणि आत्याच्या गावी बी.फार्म आहेच. "व्यवहारात उपयोगी पडेल अशी डिग्री कोणती ते सांगा मॅडम, चार दिवसांत ठरवायचंय."

मी मिरजेत सत्तावीस वर्षं दातांचा दवाखाना चालवते. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून तुला "तू"च म्हणते.

आधी दाढ बघू. ठणकत्या दाढेने ठरवलेल्या गोष्टी काय होतात हे मी खुर्चीच्या या बाजूने रोज बघते, त्यामुळे सीटचं बोलणं खाली, थोडं लांब ठेवलंय.

तू सांगतेस त्यावरून हे अक्कलदाढेवरच्या हिरडीचं दुखणं दिसतंय. आम्ही त्याला पेरिकोरोनायटिस म्हणतो. अक्कलदाढ साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षी येते. खालच्या जबड्यात तिला जागा पुरत नाही, मग ती अर्धी बाहेर, अर्धी आत अशी अडकते आणि तिच्या पाठीवर हिरडीची एक झडप तशीच राहते. त्या झडपेखाली भाताचं शीत, शेंगदाण्याचं कूट, भाजीचा दोरा जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही. एरवी शरीर सांभाळून घेतं, पण जागरण, परीक्षेचा ताण, नीट न जेवणं असं सगळं एकत्र आलं की ती झडप सुजते. सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावरच आपटते, आपटली की आणखी सुजते. शेजारचे चावायचे स्नायू आखडतात, म्हणून तोंड उघडत नाही. निकालानंतर आणि ॲडमिशनच्या दिवसांत तुझ्यासारखी दोन-चार मुलं दर वर्षी माझ्याकडे येतातच.

एक विचारते, राग मानू नकोस. सुपारी, मावा, गुटखा यातलं काही? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. अभ्यासात झोप येऊ नये म्हणून सुपारी चघळणाऱ्या मुलीही मी पाहिल्यात. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ, पांढरट होत जाते आणि तोंड हळूहळू बंद होतं. ते तीन दिवसांत होत नाही, महिनोन् महिने चालतं, तिखट लागलं की आग होते. तुझं तसं दिसत नाही. पण असेल तर डॉक्टरांना सांग. घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांग, आम्हाला सवय आहे.

आता धोक्याचं. स्वतःची थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, हनुवटीखाली किंवा मानेवर दगडासारखी कडक सूज उतरतेय, थंडी वाजून ताप येतोय, आडवं झालं की श्वास अडकतो. यातलं एकही असेल तर पुढचं वाचत बसू नकोस. दातांच्या दवाखान्यातही जाऊ नकोस. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा. सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजचं असेल तर उत्तम, तिथे भूल देणारे आणि श्वासनलिका सांभाळणारे डॉक्टर असतात. जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या या जंतुसंसर्गाचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली केलं, म्हणून त्याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. नाव जुनं असलं तरी माणसं त्याने आजही जातात. त्यातही मधुमेह असलेली, आणि "दाढच आहे, उतरेल" म्हणून आठवडाभर घरी बसलेली.

यातलं काही नसेल तर आज रात्री एवढं कर. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी उजव्या बाजूला अर्धा मिनिट धर, हळू फिरव, टाकून दे. घसा खवखवतो तेव्हा करतो तशी मान वर करून गुळण्या करू नकोस, पाणी दाढेपाशी गेलं पाहिजे. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवणानंतर नक्की. ब्रश लहान मुलांचा घे, त्याचं डोकं छोटं असतं, दुखलं तरी मागपर्यंत ने. घाण आहे म्हणून दुखतंय आणि दुखतंय म्हणून आपण तिथे हात लावत नाही, इथेच आजार वाढतो. जेवायला मऊ भात, वरण, ताक. तिखट, कुरकुरीत, पोहे-चिवडा काही दिवस बंद.

बाहेरून गालाला गरम शेक देऊ नकोस. आजी देतील, प्रेमाने देतील, पण आत पू धरत असेल तर शेकाने तो बाहेरच्या बाजूला ओढला जाऊ शकतो आणि गालावर फुटलेला फोड कायमचा व्रण ठेवतो. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं लावलास तर चालेल. लवंगेचं तेल किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात कापसाने एक थेंब ठेवलं तर थोडा वेळ उपयोग होतो. तुझ्याकडे खड्डाच नाही, नुसत्या हिरडीवर ते भाजतं. डिस्प्रिनची गोळी गालात धरून झोपण्याचा एक प्रकार आहे. सकाळी गालाची आतली कातडी पांढरी पडून सोलपटते आणि मग मूळ दुखण्यापेक्षा ते जास्त झोंबतं. मिश्री तर लावूच नकोस. आमच्याकडे "मिश्रीने दात बधिर होतात" म्हणून सुरुवात झालेल्या कितीतरी बायका पुढे तीस वर्षं मिश्री सोडू शकल्या नाहीत.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवल्यावर, दिवसातून तीनदा. दातांच्या दुखण्यावर ही चांगली चालते. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास असेल तर ती नको. आणखी एक, पावसाळ्याचे दिवस आहेत. अंगात ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही बाजूला ठेव, नुसतं पॅरासिटामॉल घे. पॅरासिटामॉल चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या आत. "सगळं मिळून" अशासाठी म्हटलं की कॉम्बिफ्लाममध्ये ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. वर कुणी डोलो दिली, सर्दीची आणखी एक गोळी दिली, तर तेच औषध तीन नावांनी पोटात जातं.

मेडिकलवाल्याने तुला बहुतेक अँटिबायोटिकच्या चार गोळ्या सुट्या कापून दिल्या असतील. एक दिवस बरं वाटणं आणि परत येणं यात नवल काही नाही. झडपेखाली कुजलेलं शीत गोळीने विरघळत नाही. ते धुऊन काढावं लागतं, आणि ते पाच-दहा मिनिटांचं काम आहे. डॉक्टरांकडे गेलीस की "काढा" किंवा "गोळ्या द्या" म्हणू नकोस. "आधी झडपेखालून धुऊन देता का" असं विचार. बोथट सुईच्या सिरिंजने सलाइन मारून ती जागा साफ करतात. बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी तोंड अर्ध्या बोटाने जास्त उघडतं. ताप असेल, सूज पसरत असेल, तोंड फारच मिटलं असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतं. मग ते वजन बघून, ठरलेले सगळे दिवस, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच. तुझं तोंड दीड बोट उघडतंय म्हणजे तुला कदाचित लागेलही. ते समोर बघणाऱ्याने ठरवायचं, इथून मी नाही.

आणि आता दाढेचा खरा प्रश्न, काढायची का? इतकी सुजलेली, तोंड न उघडणारी खालची अडकलेली अक्कलदाढ मी शक्यतो त्या दिवशी काढत नाही. भूल नीट चढत नाही, मागपर्यंत दिसत नाही, पेशंट घाबरलेला असतो. आधी सूज उतरवायची, मग ओपीजी काढायचा. हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काही शे रुपयांत होतो. त्यात मुळं कशी वळलीत आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस किती जवळ आहे ते कळतं. नस मुळाला चिकटलेली असेल तर ओठ काही महिने, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. ही गोष्ट सही घेण्याआधी सांगायची असते. कुणी सांगितली नाही तर तू विचार.

ब्रिटनमध्ये २००० सालापासून सरकारी मार्गदर्शनच असं आहे की पहिल्याच वेळी असा त्रास झाला आणि तो फार तीव्र नसेल तर तेवढ्यावरून अक्कलदाढ काढायची नाही; दुसऱ्यांदा झाला तर विचार करायचा. मी साधारण तेच पाळते. कधीकधी वरची अक्कलदाढ झडपेवर आपटत असते, ती थोडी घासली किंवा काढली की खालचं दुखणं थांबतं, आणि वरची काढणं बरंच सोपं असतं. आडवी पडलेली असेल, पुढच्या चांगल्या दाढेला कीड लावत असेल, दोन-तीनदा सुजली असेल, तर मात्र काढावी, आणि हॉस्टेलला जाण्याआधी काढावी. पण कागदपत्रं तपासायला जायच्या आदल्या दिवशी नको. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, आठवडा जातो. सिगारेट ओढणाऱ्यांना जखम कोरडी पडून पहिल्यापेक्षा भयंकर ठणका लागतो, ते तुला लागू नसावं.

हे इतकं सविस्तर लिहितेय त्याला कारण आहे. माझी स्वतःची खालची डावी पहिली दाढ नाही. बारावीच्या वर्षी ती ठणकायला लागली, रात्री झोपू देईना. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर. वडील गावातल्या एका दवाखान्यात घेऊन गेले, डॉक्टर म्हणाले दोन मिनिटांचं काम आहे, आणि खरंच दोनच मिनिटं लागली. परीक्षा दिली, मार्क पडले. दोन वर्षांनी बीडीएसला आम्हाला रूट कॅनॉल शिकवायला लागले तेव्हा मागच्या बाकावर बसून मी जिभेने ती रिकामी जागा चाचपत होते. ती दाढ वाचली असती. शेजारची दाढ हळूहळू त्या जागेत कलली, वरची खाली उतरली, पुढे ब्रिज बसवावा लागला. त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्या काळी छोट्या गावात रूट कॅनॉल करणारे होते कुठे? पण तीन दिवस दम धरून सांगली गाठली असती तर?

हॉस्टेलला जाणार आहेस म्हणून जाता जाता एक सांगून ठेवते. कबड्डीत किंवा जिन्यावर कुणाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. दुधाने किंवा पाण्याने हलका धुऊन जागच्या जागी बसवायचा आणि रुमाल चावून दवाखाना गाठायचा. जमलंच नाही तर थंड दुधात टाकून न्यायचा. अर्ध्या तासात बसला तर जगण्याची शक्यता चांगली. लोक तो कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी आणतात. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही.

बरं. सीट.

"उपयोगी डिग्री" म्हणजे काय, हे आधी तू मला सांगायला हवं होतंस. वडिलांच्या मनात तो "डॉक्टर" हा शब्द आहे. तुझ्या प्रश्नात तो कुठेच नाही, हे मला दिसलं. मी मुलांना एकच विचारते: पाच-सात वर्षांनी एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तुझे हात काय करत असतील? बीडीएस झालीस तर ते हात कुणाच्या तरी तोंडात असतील, साडेतीन-चार सेंटीमीटरच्या फटीत, आरशात उलटं बघून, लाळेत, अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने. पाठ वाकलेली. समोरचा घाबरलेला. आणि पाच वाजता परत तेच. मला हे आवडतं. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला देतात, हुबेहूब, मापात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्यावर रडायची. मी रात्री जागून कोरायची आणि उशाशी ठेवून झोपायची. तिथे मला कळलं की एमबीबीएस हुकलं ते फार काही बिघडलं नाही. ॲडमिशन घेताना हे मला मुळीच माहीत नव्हतं, मी रडतच गेले होते.

कॅनडात दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत अनेक वर्षं साबणाची वडी कोरायला देत असत. आपल्याकडे नीटमध्ये तसलं काही नाही, वनस्पतिशास्त्राच्या मार्कांवर हात ठरतो. म्हणून तूच स्वतःची परीक्षा घे. सूज उतरली की एक साबण, एक कटर घे आणि आरशात बघून साबणात आपल्याच दाढेचा आकार कोरायला बस. दोन तास. चांगली आली की नाही याला महत्त्व नाही, दोन तास कसे गेले ते बघ. आणि तुझे ते डॉक्टर चांगले असतील तर त्यांना विचार, की एक दिवस कोपऱ्यात उभी राहून बघू का. बहुतेक जण हो म्हणतात, आम्हाला प्रेक्षक आवडतात.

आता पैशांचं, कारण जमीन तारण ठेवायची भाषा आहे. बीडीएस चार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. राज्य सरकारची जुनी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला, मुंबई महापालिकेचं नायरचं. यांपैकी मिळत असतं तर मी एका ओळीत "घे" म्हटलं असतं. तिथे फी कमी आणि पेशंटची रांग दरवाज्याबाहेर, हात आपोआप तयार होतो. खाजगी कॉलेजात दोन गोष्टी स्वतः जाऊन बघायच्या. एक, ओपीडी. सकाळी अकरा वाजता जाऊन बाकावर किती पेशंट बसलेत ते मोज. इमारत, लॉन, ऑडिटोरियम बघू नकोस. खुर्च्या शंभर आणि पेशंट बारा असतील तर चौथ्या वर्षापर्यंत तू प्लास्टिकच्या दातांवरच शिकशील. दुसरं, चार वर्षांची पूर्ण बेरीज. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, आणि हत्यारांचा तो डबा, जो माहितीपत्रकात कधीच नसतो. शेवटी इंटर्नशिपला स्टायपेंड किती मिळतो ते सीनियर मुलांना विचार, ऑफिसला नाही.

मुलींसाठी एक मोठी गोष्ट २०२४-२५ पासून झालीय. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास किंवा ओबीसी गटातल्या, आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ते नाही, खाजगी अभिमत विद्यापीठालाही नाही. तुझी सीट कॅपची आहे की संस्थेच्या कोट्यातली, हे आजच्या आज बघ, कारण दोन्हीत जमिनीएवढा फरक पडू शकतो. दाखले जुने असतील तर उद्या सकाळी सेतूत जा, गाल सुजलेला असला तरी.

बीडीएस झाल्यावर काय? खरं सांगते. आमच्या भागात नवीन पास झालेल्या मुलाला दुसऱ्याच्या दवाखान्यात पंधरा-वीस हजारांवर सुरुवात करावी लागते. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, शहरातल्या एकेका गल्लीत दोन-दोन पाट्या. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह, एक्स-रे, त्या एक्स-रेची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था, जागेचं डिपॉझिट. आठ-दहा लाखांच्या आत हल्ली कुणाचं भागलेलं मी पाहिलं नाही. आणि पहिली दोन वर्षं तू खुर्चीत बसून पेशंटची वाट बघणार. म्हणजे कॉलेजचं कर्ज फिटायच्या आत दवाखान्याचं कर्ज. एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पदव्युत्तर डिग्री, करायची तर आणखी तीन वर्षं. तालुक्याच्या किंवा मोठ्या बाजाराच्या गावात जिथे चांगला दातांचा डॉक्टर नाही तिथे बसायची तयारी असेल तर गणित बदलतं. माझा एक ज्युनियर सोलापूर जिल्ह्यात असा बसला, आठवडी बाजाराच्या दिवशी त्याला जेवायला वेळ मिळत नाही. पुण्यात बसलेले त्याचे तीन मित्र अजून नोकरी करतात.

नर्सिंग. इथे मला तुझ्या घरच्यांशी भांडायचंय. "आमची पोरगी नर्स होणार का" हे वाक्य मी ज्या घरांत ऐकलं त्याच घरांतले लोक आयसीयूच्या बाहेर नर्सच्या तोंडाकडे बघत उभे असतात. सरकारी कॉलेजातलं चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग हे तुझ्या तीन पर्यायांत कमीत कमी कर्जाचं आणि सगळ्यात लवकर पगाराला लावणारं आहे. एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट ही परीक्षा आहे, राज्य सरकारच्या भरत्या निघतात, आणि परदेशाचं दार खरंच उघडं आहे. जर्मनीत नोंदणीकृत नर्स म्हणून काम करायला जर्मन भाषेची बी-दोन पातळी लागते, ती शिकायला वर्ष-दीड वर्ष चिकाटी हवी. एजंटला लाखो रुपये द्यायची गरज नसते, हेही लिहून ठेव. मंगळवारी दुपारी तीन वाजता? उभी असशील. एका वॉर्डात, बऱ्याच पेशंटांमध्ये, कुणाचं सलाइन संपलंय, कुणाचा नातेवाईक ओरडतोय. आठवड्यातल्या काही रात्री हेच रात्री तीनला. रक्त, लघवी, मळ यांची किळस असेल तर नको. माणसांजवळ उभं राहायला आवडत असेल तर हो.

बी.फार्मबद्दल फार लिहीत नाही. औषध दुकानाचं लायसन्स हवं असेल तर दोन वर्षांच्या डी.फार्मवरही भागतं. बी.फार्म हे कारखाना, गुणवत्ता तपासणी, पुढे एम.फार्म यासाठी. रसायनशास्त्र मनापासून आवडत असेल तर घे. आत्याचं घर जवळ आहे म्हणून घेऊ नकोस.

आणि एक दार, ज्याबद्दल कुणीच सांगत नाही. डेंटल मेकॅनिक, म्हणजे दातांच्या लॅबमधला तंत्रज्ञ. दोन वर्षांची पदविका, डेंटल कौन्सिलची नोंदणी. आमच्या मिरजेत सतार बनवणाऱ्यांची गल्ली आहे, तिथला कारागीर भोपळा आणि लाकूड हातात फिरवून बघतो, तसा माझा लॅबवाला कवळी हातात फिरवतो. हल्ली दातावर बसवायच्या झिर्कोनियाच्या कॅपा संगणकावर आखून मशीनवर कोरतात, पण त्यावर रंग चढवायचा, शेजारच्या पिवळट दातात ती बेमालूम मिसळवायची, हे अजून डोळा आणि ब्रशच करतो. चांगले लोक मिळत नाहीत. माझ्या दवाखान्यात मदतीला असलेल्या बीडीएस मुलापेक्षा माझा लॅबवाला जास्त कमावतो आणि त्याला रात्री फोन येत नाहीत. तुला नीटचे चांगले मार्क असताना हे घे असं म्हणत नाही. पण साबण कोरताना रात्र गेलेली कळलीच नाही आणि पेशंटशी बोलायचा मात्र कंटाळा येतो असं झालं, तर हे लक्षात असू दे.

मग माझं मत? तू लिहिलंस तेवढ्यावरून, कॅपची सीट असेल, फी माफी बसत असेल आणि ओपीडी भरलेली असेल तर बीडीएसचा विचार कर, तोही साबणाचे दोन तास बरे गेले तर. यातली एकजरी गोष्ट नसेल तर जमीन गहाण ठेवू नका, नर्सिंग घे. "आत्ता बीडीएस घेऊ, पुढच्या वर्षी परत नीट देऊ" हा विचार मनात असेल तर तो आत्ताच वडिलांना सांग. एका सीटची फी आणि दुसऱ्या सीटची तयारी या दोन्हींत अडकलेली मुलं मी पाहिलीत, त्यांना पहिल्या वर्षी मेणही नीट कोरता येत नाही. कॅपमध्ये स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला, म्हणजे मिळालेली सीटच ठेवते असं लिहून दिलं, की पुढच्या राउंडमध्ये नाव जात नाही, आणि सीट सोडायची मुदत उलटली की दंड लागू शकतो. त्यामुळे माहितीपत्रकातलं ते पान वडिलांसोबत बसून, मोठ्याने वाच. मूळ कागदपत्रं एका कॉलेजात जमा करण्याआधी प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, आणि मूळ जमा केल्याची पोच लेखी घे.

चार दिवस म्हणतेस. पहिला दाढ धुवायला आणि सेतूला. दुसरा कॉलेजच्या ओपीडीच्या बाकावर, आणि त्यातला अर्धा सरकारी हॉस्पिटलच्या वॉर्डात एखाद्या ओळखीच्या सिस्टरसोबत घालव. तिसरा साबणाला. चौथ्या दिवशी सकाळी जेवणाआधी ठरव, घरातले पाहुणे यायच्या आत.

आज रात्री झोपण्याआधी तोंड उघड आणि बोटं आडवी धरून पुढच्या दातांमध्ये किती मावतात ते मोज. वहीत लिही. दाढ धुतल्यावर रोज सकाळी परत मोज. तीन बोटं मावायला लागली की जबडा सुटला. दोन दिवसांनीही दीडवरच असेल किंवा कमी झालं असेल तर ॲडमिशनची रांग सोड आणि आधी ओरल सर्जनकडे जा.